वितळलेल्या शिंगावरचा लेख : गालेहूसच्या सोन्याच्या शिंगांचं प्रकरण

इंग्लिश, जर्मन, डॅनिश, स्वीडिश या भाषांचा जुना इतिहास शिकायला घेतला की रून लिपीतलं (उत्तर युरोपातल्या या भाषांची जुनी लिपी) एक वाक्य हमखास समोर येतं. 5 शब्द, 32 अक्षरं: "एक ह्लेवगास्तिझ होल्तियझ होर्ना तविदो". म्हणजे साधारण "मी, होल्तच्या ह्लेवगास्तीने, हे शिंग केलं". काळ इसवी सन 400 च्या आसपासचा. या सगळ्या भाषांच्या घराण्यातल्या पद्याच्या सगळ्यात जुन्या ओळींपैकी एक म्हणून हिचं नाव घेतात, व्याकरणाच्या पुस्तकांत हिच्यावरून जुनी रूपं शिकवतात, आणि ही ओळ ज्या वस्तूवर कोरली होती ती वस्तू 1802 पासून जगात नाहीये. फोटो नाही (तेव्हा फोटो नव्हतेच), ठसा नाही, साचा नाही. आहेत ती 1734 मध्ये काढलेली चित्रं.

मी हे प्रकरण सविस्तर मांडतोय कारण यातला प्रश्न शिलालेख, ताम्रपट, नाणी असलं काहीही वाचणाऱ्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे. वस्तू गेली, तर तिच्यावरच्या लेखावर किती विश्वास ठेवायचा, आणि कशाच्या जोरावर? माझं मत आधीच सांगून टाकतो, या लेखाच्या वाचनावर भरपूर विश्वास ठेवता येतो, आणि त्याचं मोठं कारण हे की ज्यांनी तो उतरवून घेतला त्यांना तो वाचता येत नव्हता. हे कसं ते पुढे येईलच.

शिंगं सापडली कशी

डेन्मार्कच्या दक्षिण जटलंडमध्ये मोगेलटोनर गावाजवळ गालेहूस नावाचं छोटं खेडं आहे. 20 जुलै 1639 ला तिथल्या किर्स्टन स्वेन्सडॅटर नावाच्या मुलीला वाटेवर जमिनीतून काहीतरी वर आलेलं दिसलं. लेस विणून पोट भरणारी साधी मुलगी. निघालं ते सोन्याचं मोठं शिंग, पाऊण मीटर लांबीचं, वजन 3 किलोच्या वर. ते राजा चौथा क्रिस्टियन याच्याकडे गेलं, त्याने ते युवराजाला दिलं, आणि युवराजाने त्याला टोकाकडून बूच बसवून चक्क दारू प्यायचं शिंग करून घेतलं. कोपनहेगनचा डॉक्टर आणि प्राध्यापक ओले वर्म याने 1641 मध्ये त्यावर पुस्तक छापलं, चित्रासकट. वर्म म्हणजे त्या काळातला रून लिपीचा सगळ्यात मोठा जाणकार, डेन्मार्क-नॉर्वेतल्या रून शिळांची माहिती त्याने गावोगावच्या पाद्र्यांकडून मागवून गोळा केली होती. पण या पहिल्या शिंगावर रून अक्षरं नव्हती, नुसती चित्रं होती.

मग जवळपास शंभर वर्षं गेली. 21 एप्रिल 1734 ला त्याच गालेहूसमध्ये, पहिल्या जागेपासून काही पावलांवर, एरिक लासेन नावाचा छोटा शेतकरी माती खणत होता आणि त्याला दुसरं शिंग लागलं. हे आखूड होतं, कारण टोकाकडचा भाग तुटून गेलेला होता, पण तरीही वजनाला पहिल्यापेक्षा जड. शाकनबोर्गच्या सरदारामार्फत ते राजा सहावा क्रिस्टियन याच्याकडे पोचलं, 200 रिग्सडेलर (तेव्हाचं डॅनिश चलन) बक्षीस दिलं गेलं, आणि तिथून पुढे दोन्ही शिंगं कोपनहेगनला राजाच्या कुन्स्टकामरमध्ये, म्हणजे दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहात, एकत्र ठेवली गेली.

या दुसऱ्या शिंगाच्या तोंडाशी, काठाच्या पट्ट्यावर गोल फिरत जाणारी ती 32 अक्षरं होती. खालच्या पट्ट्यांवर चित्रं. शिंगांचं शिरस्त्राण घातलेली माणसं, धनुर्धारी, साप, मासे, चांदण्यांसारख्या आकृत्या, आणि एक तीन डोक्यांचा माणूस, एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात दोरीला बांधलेला बकरा. हा तीन डोक्यांचा कोण यावर आजपर्यंत प्रचंड लिहिलं गेलंय आणि एकमत झालेलं नाही.

त्याच वर्षी, 1734 मध्ये, पाउली नावाच्या अभिलेखागार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने या शिंगावर लिहिलं आणि सविस्तर चित्र दिलं. क्रूसिंग नावाच्या आणखी एकाचं चित्रही त्याच वर्षीचं. या दोन माणसांचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं पण माझ्या मते सगळं प्रकरण त्यांच्यावरच तरलंय.

4 मे 1802

नील्स हाइडनराइख हा कोपनहेगनमधला सोनार आणि घड्याळजी. आधी खोट्या नोटांच्या भानगडीत शिक्षा झालेला. त्याने बनावट चाव्या केल्या, 4 मे 1802 ला कुन्स्टकामरमध्ये शिरला, दोन्ही शिंगं उचलली, घरी नेली आणि मुशीत वितळवली. चोरी दुसऱ्या दिवशी लक्षात आली, वर्तमानपत्रांत 1000 रिग्सडेलरचं बक्षीस जाहीर झालं, पण तोवर ज्याचा शोध घ्यायचा ती वस्तूच शिल्लक नव्हती. त्याला चित्रांशी, अक्षरांशी देणंघेणं नव्हतं, त्याला सोनं हवं होतं आणि ते त्याने घेतलं.

आता तो पकडला कसा गेला हा भाग आपल्यासाठी विशेष आहे. सोन्याचं काय करायचं तर त्याने त्यातून हिंदुस्थानी नाणी पाडायला घेतली! पगोडा, ज्याला आपण होन म्हणतो, देवाच्या आकृतीचं दक्षिणेतलं छोटं सोन्याचं नाणं. कोपनहेगनच्या सोनाराला होन कुठून माहीत, तर डेन्मार्कचा तरंगमबाडीशी व्यापार होता. 1620 मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून डॅनिश कंपनीने ते किनाऱ्यावरचं गाव घेतलं, किल्ला बांधला, आणि 1845 मध्ये इंग्रजांना विकेपर्यंत ते त्यांच्याकडे होतं. मधल्या काळात तंजावरला व्यंकोजीराजांपासून भोसल्यांची गादी आली, म्हणजे दीडशेएक वर्षं हे डॅनिश लोक मराठी राजांच्या शेजारातच राहत होते, तरंगमबाडीच्या मिशनमधूनच आलेल्या श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याने सरफोजीराजांना (दुसरे) शिकवलं होतं. त्यामुळे कोपनहेगनच्या बाजारात होन हे अगदीच अनोळखी नाणं नसणार आणि चोरीचं सोनं खपवायला ते सोयीचं वाटलं असणार.

पण नाणी वाईट निघाली. सोन्यात पितळ घातलेलं. ती त्याने सोनारांच्या संघाचा प्रमुख आंद्रेआस होल्म याला विकायचा प्रयत्न केला आणि होल्मला संशय आला. होल्म आणि त्याच्या साथीदारांनी पाळत ठेवली, तेव्हा हाइडनराइख नाण्यांचे छाप शहराच्या खंदकात टाकताना दिसला. 27 एप्रिल 1803 ला अटक, 30 एप्रिलला कबुली, 10 जूनला शिक्षा. सुटला तो 1840 मध्ये, म्हणजे 37 वर्षांनी, आणि 1844 मध्ये वारला. ज्यांनी त्याच्याकडून सोनं घेतलं होतं त्यांनी ते परत केलं पण त्या सोन्याची पुढे नाणी पडली. सुमारे 1400 वर्षं जमिनीत आणि संग्रहात टिकलेली वस्तू वर्षभरात चलनात विरघळून गेली, हे वाचताना आजही जीव कळवळतो.

आणखी एक दुर्दैव. अठराव्या शतकाच्या शेवटी रोममधल्या एका कार्डिनलसाठी शिंगांचे प्लास्टरचे साचे काढून पाठवले गेले होते. ते पोचले असते तर आज खरी मापं, खरा उठाव सगळं असतं. ते जहाज कॉर्सिकाच्या किनाऱ्याजवळ बुडालं, चोरीच्या आधीच. म्हणजे साचे गेलेत हे माहीत असतानाही नवे साचे केले गेले नाहीत. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथे आहे, चोराच्या हातून झालं ते गुन्हा होता, हे मात्र सहज टाळता आलं असतं.

हातात काय उरलं आणि ते कसं वाचलं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 1734 मध्ये हा लेख कुणालाच वाचता येत नव्हता आणि 1802 मध्येही नाही. का, तर रून लिपी एकच नाही. जुनी लिपी, जिला तिच्या पहिल्या सहा अक्षरांवरून जुना फुथार्क म्हणतात, ती 24 चिन्हांची, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून वापरात. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर विमोस इथे सापडलेला "हर्या" असं कोरलेला कंगवा साधारण इसवी सन 160 चा आहे. पुढे आठव्या शतकाच्या सुमारास स्कँडिनेव्हियात ती आटून 16 चिन्हांची झाली, आणि वायकिंग काळातल्या ज्या हजारो शिळा आपण फोटोंत बघतो त्या या नव्या लिपीतल्या. ओले वर्म आणि त्याच्या नंतरच्यांना ही नवी लिपी येत होती कारण ती काही भागांत मध्ययुगानंतरही चालू होती. जुनी 24 चिन्हांची मात्र पूर्ण विसरली गेलेली.

इथे घोळ असा की दोन्ही लिप्यांत काही चिन्हं दिसायला सारखी पण उच्चार वेगळा. एकच चिन्ह जवळून बघू. एक उभी काठी, आणि वरच्या बाजूला दोन्हीकडे वर जाणाऱ्या दोन तिरक्या फांद्या. नव्या लिपीत हे चिन्ह "म". गालेहूसच्या लेखात दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दाच्या शेवटी हेच चिन्ह येतं. मग एकोणिसाव्या शतकात जेव्हा लोक गंभीरपणे वाचायला बसले तेव्हा त्यांनी साहजिकच "ह्लेवगास्तिम होल्तिंगम" असं वाचलं, कारण तिसऱ्या शब्दातलं "य" चं चिन्हही "ंग" समजलं गेलं. आणि त्या वाचनाचा अर्थही छान लागत होता! "-म" हा अनेकवचनी चतुर्थीचा प्रत्यय, म्हणून "मी होल्तिंग पाहुण्यांसाठी शिंग केलं". सोन्याचं पिण्याचं शिंग, पाहुणे, मेजवानी, सगळं जुळतंय. चुकीचं वाचन एवढं गोड जुळू शकतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

1860 च्या दशकात नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ सोफुस बुगे यांनी ते मोडून काढलं. त्यांचं म्हणणं, हे चिन्ह "म" नाही, शब्दाच्या शेवटी येणारा ऊष्म वर्ण आहे, "झ" सारखा, जो पुढे स्कँडिनेव्हियन भाषांत "र" कडे सरकला. म्हणजे हे पाहुण्यांसाठी वगैरे नाही, हा सरळ प्रथमेचा प्रत्यय आहे, ह्लेवगास्तिझ हे माणसाचं नाव आहे आणि तोच "मी" आहे. एका चिन्हाने सगळं वाक्य फिरलं, मेजवानी गायब झाली आणि त्या जागी एक माणूस उभा राहिला.

हे बरोबर कशावरून? इथेच दुसऱ्या लेखांची साक्ष कामाला येते, आणि माझ्यासाठी या प्रकरणाचा सगळ्यात सुंदर भाग हाच आहे.

नॉर्वेत ट्यून इथली शिळा, जिची नोंद 1627 पासून आहे, तिची सुरुवात "एक विवझ" अशी आहे. पुन्हा "मी", पुन्हा नाव, पुन्हा शेवटी तेच चिन्ह. नॉर्वेतच वाल्द्रेस खोऱ्यात एइनांगची शिळा आहे, अजून तिच्या मूळ जागी थडग्यांच्या टेकाडावर उभी, चौथ्या शतकातली. तिच्यावर सुरुवातीची अक्षरं गेलीयेत पण पुढचं स्वच्छ आहे, "...दगास्तिझ रुनो फाइहिदो", म्हणजे अमुकगास्तीने रून रंगवले (लिहिले). नावाचा उत्तरार्ध तोच, गास्तिझ. शेवटचं चिन्ह तेच. क्रियापदाचा शेवट तोच, "-दो". वाक्याची बांधणी तीच, कर्ता, कर्म आणि क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखं. शिंगावर "होर्ना तविदो", शिळेवर "रुनो फाइहिदो".

आणि मग 1947. डेन्मार्कच्या शेलंड बेटावर गार्बोल इथल्या पाणथळ मातीत यू झाडाच्या लाकडाची एक छोटी डबी सापडली, आणि तिच्यावर जुन्या रूनमध्ये "हगिरादझ इ तविदे", हगिरादने हे यात केलं. शिंगावरचं क्रियापद प्रथमपुरुषी, "मी केलं", म्हणून "तविदो". डबीवर तृतीयपुरुषी, "त्याने केलं", म्हणून "तविदे". व्याकरणाने जो फरक असायला हवा नेमका तोच फरक, शेवटच्या एका स्वराचा. शिंग वितळून 145 वर्षं झाल्यावर चिखलातून निघालेली लाकडी डबी सांगते की 1734 च्या त्या चित्रातलं शेवटचं अक्षरसुद्धा बरोबर उतरलं होतं. हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी किती तरी वेळ दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून नुसता बघत बसलो होतो.

न वाचता येणाऱ्याची नक्कल

म्हणून मी वर म्हटलं की उतरवणाऱ्याला वाचता येत नव्हतं हेच आपलं नशीब. मोडी येणारा माणूस मोडी कागदाची नक्कल करतो तेव्हा पुसट जागी त्याचा हात आपोआप अपेक्षित अक्षर काढतो, मोडी न येणारा फक्त रेषा काढतो, वेड्यावाकड्या का होईना पण दिसतात तेवढ्याच. पाउलीला "-झ" हा प्रथमेचा प्रत्यय, "-दो" हा भूतकाळ हे काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तुलनात्मक व्याकरण जन्मायला अजून ऐंशीएक वर्षं होती. तरी त्याच्या चित्रातून निघणारी रूपं पुढच्या दीड-दोनशे वर्षांत सापडलेल्या, त्याने कधी न पाहिलेल्या वस्तूंशी जुळतात. हे बनवून करता येत नाही.

याच्या अगदी उलट घडलेलं एक प्रकरण त्याच काळात आहे, ते शेजारी ठेवल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. दक्षिण स्वीडनमध्ये ब्लेकिंगे भागात रुनामो नावाचा खडक आहे, त्यावर लांबच लांब चरे आहेत आणि ते रून आहेत अशी समजूत बाराव्या शतकापासूनची. 1833 मध्ये डेन्मार्कहून अभ्यासकांची तुकडी गेली, चऱ्यांचं चित्र काढून आणलं, आणि फिन मॅग्नुसेन या नावाजलेल्या विद्वानाला पुढच्या वर्षी ते उजवीकडून डावीकडे वाचल्यावर त्यात एक आख्खी कविता सापडली! जुन्या युद्धावरची, अनुप्रासयुक्त, व्याकरणशुद्ध. 1841 मध्ये त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ छापला. 1844 मध्ये वोर्सो या तरुण पुरातत्त्वज्ञाने जागेवर जाऊन दाखवून दिलं की खडकात अक्षर एकही नाही, त्या नैसर्गिक भेगा आहेत.

मॅग्नुसेन खोटारडे नव्हते, त्यांचं ज्ञान खरं होतं, आणि मला त्यांच्याबद्दल वाईटच वाटतं. पण तिथे वाचायची ओढ आधी होती आणि रेषा नंतर आल्या. गालेहूसला रेषा आधी निमूटपणे उतरल्या आणि वाचणारे शंभर-सव्वाशे वर्षांनी आले. आणि रुनामोचा खडक जागेवर होता म्हणून वोर्सोला तपासता आलं, शिंगाच्या बाबतीत ती सोय नव्हती, म्हणून तिथे तपासणी दुसऱ्या वस्तूंकडून करावी लागली. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, एखादं वाचन स्वतःच्या गोडव्यावर खरं ठरत नाही, बाहेरची, त्याच्याशी संबंध नसलेली वस्तू येऊन त्याला दुजोरा देते तेव्हा ठरतं.

मग अर्थ?

वाचन पक्कं झालं म्हणजे अर्थ पक्का झाला असं नाही, इथे मात्र जरा हात आखडता घ्यावा लागतो.

ह्लेवगास्ती या नावाचा उत्तरार्ध पाहुणा, इथपर्यंत ठीक. पूर्वार्ध "कीर्ती" की "आसरा", यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीला भाषाशास्त्रीय आधार देता येतो. होल्तिय म्हणजे होल्त नावाच्या माणसाचा मुलगा, की होल्त म्हणजे रान, त्या रानाचा रहिवासी? दोन्ही चालतं. भाषांतरं बघितली तर कुणी "होल्तचा पुत्र" देतो कुणी "होल्तचा", आणि आपल्याला वाटतं हे ठरलेलं आहे. ठरलेलं नाहीये.

ओळ पद्य आहे का? जुन्या जर्मानिक (म्हणजे इंग्लिश-जर्मन-डॅनिशच्या या घराण्यातल्या) काव्याचा नियम असा की एका ओळीत चार ठसठशीत आघात, आणि त्यातला तिसरा ज्या ध्वनीने सुरू होतो त्यानेच पहिल्या दोनांपैकी एक किंवा दोन्ही सुरू होतात, चौथा वेगळा ठेवतात. आता बघा, ह्लेवगास्तिझ, होल्तियझ, होर्ना आणि मग तविदो. ह, ह, ह, त. पुढे चारशे-पाचशे वर्षांनी इंग्लंड आणि आइसलँडमध्ये जे काव्य लिहिलं गेलं त्याचा साचा इथे तंतोतंत आहे. काहींचं म्हणणं हा योगायोग असू शकतो, कारण घराण्यातली नावं एकाच अक्षराने ठेवायची पद्धत होती आणि "शिंग" हा शब्द तिथे येणारच होता. युक्तिवाद मी समजू शकतो पण मला पटत नाही. सोन्याच्या वस्तूच्या काठावर, सगळ्यांना दिसेल असा, जागा मोजून कोरलेला लेख माणूस कानाला लागेल असाच लिहितो. अर्थात एका ओळीवरून छंदाचा इतिहास उभा करायचा म्हणजे पाय जपून टाकावा लागतो.

चित्रांचं तर विचारूच नका. विली हार्टनर यांनी 1969 मध्ये मांडलं की दोन्ही शिंगांवरच्या आकृत्या म्हणजे सांकेतिक लिपी आहे आणि त्यात 16 एप्रिल 413 च्या सूर्यग्रहणाचा संदर्भ दडलाय. मेहनत अफाट आहे पण इथे आधी सांगितलेली अडचण दुप्पट होते. अक्षराच्या रेषा मर्यादित असतात, 24 पैकीच कुठलं तरी चिन्ह असणार, त्यामुळे नक्कल थोडी चुकली तरी सावरता येते. चित्राला असं बंधन नाही. बोटं किती, चांदणीला टोकं किती, साप कुठल्या दिशेला, हे 1641 आणि 1734 च्या चित्रकारांनी किती काटेकोर ठेवलं यावर ग्रहणाची तारीख टेकवणं मला धोक्याचं वाटतं. शिवाय लांब शिंग सापडल्यापासून दुरुस्त झालेलं, बूच बसवलेलं. म्हणून एकाच वस्तूच्या एकाच चित्रातल्या लेखावर मी विश्वास ठेवतो आणि त्याच चित्रातल्या आकृत्यांच्या तपशिलावर तेवढा ठेवत नाही, यात विसंगती नाही, दोन्हींना तपासायची साधनं वेगळी आहेत.

पुढे काय झालं

चोरीनंतर पाच वर्षांनी, 1807 मध्ये, डेन्मार्कमध्ये पुरातन वस्तूंच्या जतनासाठी राजाने आयोग नेमला. 1816 पासून त्याचं काम क्रिस्टियन थॉमसेन यांच्याकडे आलं. हे तेच थॉमसेन ज्यांनी संग्रह लावता लावता पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग ही विभागणी रूढ केली जी आपण सगळे शाळेत शिकलोय. आजचं कोपनहेगनचं राष्ट्रीय संग्रहालय त्या संग्रहातून वाढलं. सगळं चोरीमुळेच झालं असं म्हणणं जास्त होईल, पण देशाची सगळ्यात मौल्यवान पुरातन वस्तू बनावट चावीने जाऊ शकते हा धक्का ताजा होता हे नक्की.

संग्रहालयात आज दिसतात त्या प्रतिकृती, जुन्या चित्रांवरून आणि वर्णनांवरून केलेल्या. 2007 च्या सप्टेंबरमध्ये येलिंगच्या संग्रहालयातून सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या प्रतिकृतीही चोरीला गेल्या होत्या, त्या मात्र थोड्याच दिवसांत सापडल्या. प्रतिकृतीवर लेख स्पष्ट वाचता येतो, पण त्या अक्षरांचा अभ्यास करून उपयोग नाही, ती पाउली-क्रूसिंगचीच अक्षरं फिरून आलेली.

एक प्रश्न मात्र मला सतत छळतो. "तविदो", मी केलं. कुणी केलं? ह्लेवगास्ती हा स्वतः हातोडी-छिन्नी धरणारा सोनार, की सहा किलोहून जास्त सोनं बाळगणारा सरदार ज्याने ते करवून घेतलं? राजाने मंदिर बांधलं म्हणतो तेव्हा राजाने दगड घडवलेले नसतात, पण गार्बोलच्या डबीवरचा हगिराद मात्र स्वतःच्या हाताने काम करणारा वाटतो. मला वैयक्तिक सोनाराकडे कल आहे, कारण रून कोरणाऱ्यांनी स्वतःचं नाव घालून "मी लिहिलं, मी केलं" म्हणायची रीत त्या काळात चांगली दिसते. याचा निकाल धातूवर लागला असता. अक्षरं आणि चित्रं एकाच हत्याराने, एकाच हाताने उमटवली आहेत का, अक्षरं आधी की नंतर, हे आज सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, इतर रून असलेल्या सोन्या-चांदीच्या वस्तूंवर असं काम होतंही. पाउली आणि क्रूसिंगने अक्षरांचा आकार दिला. हत्याराची खूण कागदावर उतरत नाही, ती हाइडनराइखच्या मुशीत गेली.